कासरा कुणाच्या हाती?

पाचगणीच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या मुख्य रस्त्याला चेसन रोड म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे थंड हवेचं ठिकाण वसवणाऱ्या जॉन चेसनचं नाव त्या रस्त्याला मिळालं, आणि ते रास्तच आहे. पण पुणे–मिरज मार्गावर रेल्वे धावू लागल्यानंतर मुंबई-पुण्याचा पाहुणा पाचगणीला पोहोचे कसा? तो वाठार स्टेशनला उतरे, टांग्यात बसे, वाई गाठे आणि मग पसरणीचा घाट चढून वर येई. वाई ते पाचगणी अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर, पण चढ साडेपाचशे मीटरहून जास्त. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, समोरून उतरणारा टांगा आणि वळणावर बिचकणारी जनावरं, अशा वेळी साहेबाचा, पारशी शेठचा किंवा क्षयाने खंगलेल्या रुग्णाचा जीव टांगेवाल्याच्या मनगटात असे. पाचगणीच्या इतिहासात शाळा काढणारे आहेत, इस्पितळ काढणारे आहेत, बंगल्यांचे मालक तर आहेतच. घाट चढवणारा मात्र कुठे नाही. हे मी हळहळ म्हणून मांडत नाही. गाडी, जनावर, मालक आणि हाकणारा या चौघांपैकी इतिहास कुणाला मोजतो आणि कुणाला सोडून देतो, हा हिशेबाचा प्रश्न आहे. याच सातारा-सांगलीच्या मुलखात आज लाखोंची गर्दी खेचणाऱ्या एका खेळात, बैलगाडी शर्यतीत, तो प्रश्न जसाच्या तसा उभा आहे.

टेबललँडच्या पठारावरून पूर्वेला पाहिलं की खाली वाई, धोम धरणाचं पाणी आणि कृष्णेचं खोरं दिसतं. त्याच्याही पलीकडे कोरेगाव, खटाव, माण आणि पुढे सांगली जिल्ह्यातलं आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा टापू. खिलार बैलाचा हा मुलूख. म्हसवड, खरसुंडी, पुसेगाव इथल्या यात्रा जशा देवाच्या, तशाच जनावरांच्या बाजाराच्या. पुण्याच्या उत्तरेला ‘बैलगाडा’ म्हणतात, इकडे ‘बैलगाडी’. शर्यतीची जागा तिकडे ‘घाट’, इकडे ‘मैदान’. आणि इकडच्या मैदानात गाडी हाकणाऱ्याला गाडीवान वा सारथी म्हणत नाहीत, सरळ ‘ड्रायव्हर’ म्हणतात. शब्द मोटारीबरोबर आला, पण छकड्यावर असा बसला की आता तो परका वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: महाराष्ट्रात सर्वांत जास्त प्रेक्षकांसमोर शर्यत हाकणारा माणूस हाच ड्रायव्हर आहे. त्याला लोकप्रियता भरपूर मिळते, इतिहास मात्र मिळत नाही. आणि याला लोकांची बेपर्वाई कारणीभूत नसून या खेळातली नोंद ठेवण्याची रीत कारणीभूत आहे. २०११ ते २०२१ या बंदीच्या काळात ही रीत किती महागात पडली, हे पाहण्यासारखं आहे.

आधी तो करतो काय ते नीट पाहू. शेतात नांगर धरताना बैल ज्या सरीतून चालतात तिला तास म्हणतात. मैदानावरच्या शेजारी-शेजारी आखलेल्या पट्ट्यांनाही तोच शब्द आहे. एका गटात पाच-सात गाड्या, प्रत्येकीला आपला तास. छकडा म्हणजे नावालाच गाडी: दोन चाकं, एक दांडी, एक जू, आणि वजन जितकं उतरवता येईल तितकं उतरवलेलं. बसायला धड पाट नसतो. सुटण्याच्या रेषेवर बैलांची तोंडं धरून पाच-सहा जण उभे असतात. एकाच्या हाती वेसण, दुसरा जुवाला खांदा लावून. बैल एका जागी ठरत नाहीत. झेंडा पंचाचा हात वर जातो तसा त्यांच्या कातडीला पाण्यावर उठावा तसा शहारा येतो. झेंडा पडतो, माणसं बाजूला फेकल्यासारखी उडतात आणि त्याच क्षणी ड्रायव्हर दांडीवर पाय रोवून बैलांच्या पुठ्ठ्यांवर जवळजवळ ओणवा झालेला असतो. पुढचा सगळा खेळ मिनिटभराच्या आत संपतो. पण त्या मिनिटाआधी त्याला बरंच ठाऊक असावं लागतं. कोणता बैल डाव्या खांद्याचा आणि कोणता उजव्या, कोणता सुटताच झेप घेतो आणि कोणता मधल्या टप्प्यात अंग मोकळं करतो. एकाने लवकर ओढ घेतली तर गाडी तिरकी होते, तिरकी झाली तर तास सुटतो, आणि तास सुटला की शेजारच्या गाडीच्या चाकात चाक. पुढे धावताहेत ती पाऊण टनाहून भारी दोन जनावरं, आणि त्यांना सरळ ठेवायला आहे हाताच्या बोटाएवढा कासरा.

त्यात ‘पैरा’ नावाची एक गोष्ट आहे, आणि ती समजल्याशिवाय ड्रायव्हरची किंमत कळत नाही. या भागात जोडीचे दोन्ही बैल एकाच दावणीचे असतीलच असं नाही. एका गावचा नामांकित बैल आणि दुसऱ्या गावचा तसाच दुसरा, असे दोन मालक मिळून जोड लावतात. तो पैरा. म्हणजे जे दोन बैल एका गोठ्यात वाढले नाहीत, एका नांगराला चालले नाहीत, ते शर्यतीच्या दिवशी एका जुवाखाली येतात. त्यांच्यात समान धागा एकच: मागे बसलेला माणूस. मालक दोन, गावं दोन, खुराक दोन तऱ्हेचे, सवयी दोन तऱ्हेच्या. त्या सगळ्यांचं त्या मिनिटापुरतं एक करणं हे ड्रायव्हरचं काम. मोटार शर्यतीत चालकाला निदान दोन वेगवेगळ्या कारखान्यांची इंजिनं एकाच गाडीला जोडून मिळत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. धावतो बैल. दूध, पेंड, मक्याचा भरडा खातो बैल. त्याला वासरू असल्यापासून पोटच्या पोरासारखं वाढवलं मालकाने, त्याच्या घरच्या बायकांनी. मग नाव बैलाचं आणि मालकाचं झालं तर बिघडलं कुठे? यात काहीच बिघडलं नाही असं प्राचीन ग्रीसनेही मानलं होतं. ऑलिंपियाच्या रथशर्यतीत विजयाचा मुकुट घोड्यांच्या मालकाला मिळे, सारथ्याला नव्हे. म्हणूनच तर स्पार्टाची राजकन्या किनिस्का इसवी सनपूर्व ३९६ आणि ३९२ साली ऑलिंपिक विजेती ठरू शकली. त्या मैदानावर स्त्रियांना उतरायची मुभा नव्हती. तिचे घोडे धावले, कुणी तरी हाकले, आणि पुतळ्याच्या चौथऱ्यावर नाव तिचं लागलं. सातारा-सांगलीची रीत ही अशी ग्रीक आहे. पण जगात दुसरीही रीत होती. रोममध्ये दुसऱ्या शतकात गायस आपुलेयस डायोक्लीस नावाचा सारथी होऊन गेला. मूळचा लुसितानियाचा, म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या बाजूचा. त्याच्या कारकिर्दीचा हिशेब दगडात कोरलेला सापडला आहे: २४ वर्षं, ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय, आणि बक्षिसांची बेरीज साडेतीन कोटी सेस्टर्सहून वर. एवढ्यावर कोरणारे थांबले नाहीत. सुरुवातीपासून आघाडी राखून जिंकलेल्या ८१५, मागून येऊन जिंकलेल्या ६७, आधी दुसऱ्याला पुढे जाऊ देऊन जिंकलेल्या ३६, शेवटच्या क्षणी हिसकावून घेतलेल्या ५०२, आणि उरलेल्या ४२ इतर तऱ्हांनी. बेरीज करून पाहा, बरोबर १,४६२ भरते. अठरा-एकोणीस शतकं झाली, तरी तो माणूस शर्यत कशी जिंकत असे हे आपल्याला सांगता येतं.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी की त्या दगडावर घोड्यांचीही नावं आहेत. सारथ्याची नोंद केली म्हणून घोड्याचं काही कमी झालं नाही. रोमचे बहुतेक सारथी गुलाम किंवा गुलामगिरीतून सुटलेले, म्हणजे समाजात त्यांची पायरी आपल्याकडच्या शेतमजुराहून वरची खासच नव्हती. तरी मोजणी त्यांची झाली, कारण तिथे घोडे कुणा एका घरच्या दावणीचे नसत. लाल, पांढरा, निळा, हिरवा अशा चार रंगांचे संघ घोडे पाळत आणि शर्यती चालवत. गर्दीला मालकाचा चेहरा दिसत नसे. दिसे रंग, आणि त्या रंगाचा सारथी. आपल्याकडे मालक चेहऱ्यासकट समोर उभा असतो, फेटा बांधून, गुलालात न्हालेला. बैल घरचा, अभिमान घरचा, गाव मागे. ड्रायव्हर अनेकदा बाहेरचा, आज या मालकाकडे तर उद्या त्या. त्याला विसरणं सोपं जातं ते या रचनेमुळे, कुणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे.

आपल्या परंपरेत तर याची आणखी एक बोचरी बाजू आहे. भर सभेत कर्णाला हिणवलं गेलं ते सूतपुत्र म्हणून, म्हणजे सारथ्याचा पोरगा म्हणून. पण सूत म्हणजे नुसता रथ हाकणारा नव्हे. राजांच्या वंशावळी आणि पराक्रम पाठ ठेवून सांगणाराही तोच. नैमिषारण्यात महाभारत सांगतो तो सौतीच. ज्यांनी सगळ्यांचा इतिहास सांगितला, त्यांच्या हाकण्याच्या कसबाचा इतिहास मात्र कुणी सांगितला नाही. (कृष्णाचा अपवाद सांगाल, तर तो देव होता. माणसाला तो निकष लावू नये.)

आता बंदीच्या काळाकडे येऊ. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. खेळ-तमाशासाठी शिकवता येणार नाहीत किंवा लोकांसमोर आणता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होतेच. त्यात बैलाची भर पडली. पाठोपाठ महाराष्ट्र शासनाने शर्यती बंद केल्या, मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती यांचा एकत्र निकाल लावून दोन्हींवर पडदा पाडला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या त्या निकालाचा गाभा बैलाच्या शरीराविषयी होता. बैल हे ओढकामाचं जनावर आहे, घोड्यासारखं धावण्यासाठी त्याचं शरीर घडलेलं नाही. त्याला धावायला लावायचं तर वेदना द्यावी लागते, आणि वेदना देण्याची जी साधनं कोर्टापुढे आली ती अंगावर काटा आणणारी होती. शेपटी पिरगाळणं, चावणं, टोचणं, मारणं.

हा पुरावा खोटा होता असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. मैदानं पाहिलेला कुणीही प्रामाणिक माणूस करणार नाही. पण त्यातून निघणारी एक गोष्ट कुणी पुढे नेली नाही. शेपटी कोण पिरगाळतो? पराणी कोण टोचतो? मालक तर कडेला उभा असतो. म्हणजे क्रौर्याचा सगळा खटला खरं तर छकड्यावरच्या दोन हातांविषयी होता. आणि त्याच न्यायाने, क्रौर्य न करता बैल धावतो की नाही याचा पुरावाही त्याच दोन हातांत होता. असे ड्रायव्हर असतील जे नुसत्या आवाजावर आणि कासऱ्याच्या इशाऱ्यावर गाडी काढतात, आणि असे असतील ज्यांना टोचल्याशिवाय जमत नाही. या दोघांतला फरक दाखवायला कागद लागतो: कोणत्या मैदानात, कोणत्या गाडीवर कोण होता, निकाल काय लागला, बैलाच्या अंगावर काय आढळलं. तसा कागद ठेवण्याची रीतच नसल्यामुळे सगळे ड्रायव्हर एका मापाने मोजले गेले. बचाव करणारे बोलले ते परंपरेबद्दल, देशी गोवंशाबद्दल, शेतकऱ्याच्या भावनेबद्दल. कसबाबद्दल बोलायला त्यांच्याकडे नोंद कुठे होती?

पुढची नऊ वर्षं कायद्याच्या घडामोडींची आहेत, ती भरभर सांगतो. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून वाट मोकळी केली. १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७च्या सुरुवातीला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी तरुणांचा समुद्र लोटला आणि तामिळनाडूने आपला कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानेही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तिथेही खोडा घातला. २०१८मध्ये प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेलं. दरम्यान तामिळनाडूत आणि कर्नाटकात खेळ चालू, महाराष्ट्रात बंद. सीमेलगतच्या मिरज-जतच्या माणसाला यातली गंमत कळायला वकील लागत नव्हता. ऑगस्ट २०२१मध्ये आमदार गोपीचंद पडळकर यांनी आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे शर्यत जाहीर केली. प्रशासनाने आसपासच्या गावांत संचारबंदी लावली, बंदोबस्त ठेवला, आणि पहाटेच्या अंधारात वेगळ्याच माळावर गाड्या सुटल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली, जानेवारी २०२२मध्ये सांगली जिल्ह्यातल्या नांगोळे इथे रीतसर परवानगीचं मैदान भरलं, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

शर्यती बंद होत्या त्या वर्षांत मालकाचं नुकसान झालं, बैलांचे भाव पडले, हे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ड्रायव्हरचं काय झालं याचा विचार मात्र वेगळ्या अंगाने करावा लागतो. मालकाकडे बैल उरतो, जमीन असते. खोंड शर्यतीला नाही तरी औताला चालतो, विकताही येतो. ड्रायव्हरच्या कसबाला दुसरं गिऱ्हाईक नाही. विशीत असलेला पोरगा २०१४मध्ये थांबला आणि २०२२मध्ये परत आला, तर मधली आठ वर्षं त्याच्या अंगातल्या चपळाईची सर्वांत चांगली वर्षं होती. डायोक्लीसची सगळी कारकीर्द २४ वर्षांची. त्यातून आठ काढून टाका म्हणजे अंदाज येईल. क्रिकेटपटूवर बंदी आली असती तर त्याचे सरासरीचे आकडे देऊन लोकांनी सांगितलं असतं की काय हुकलं. इथे जे हुकलं ते कधी मोजलंच नव्हतं, म्हणून हुकल्याचाही हिशेब नाही.

आणि नव्या कायद्याने काय केलं? त्याने, कदाचित नकळत, सगळा डोलारा ड्रायव्हरच्या खांद्यावर ठेवला. अंतर हजार मीटरच्या आत. काठी नाही, चाबूक नाही, टोचणी नाही, विजेचा धक्का नाही. मूळ १९६०च्या कायद्यात क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड होता १० ते ५० रुपये. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत तो पाच लाखांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत कैद इतका वाढला. घटनापीठाच्या निकालाचं तर्कशास्त्रही हेच आहे: दुरुस्ती आणि नियम एकत्र वाचले तर वेदना बऱ्याच अंशी कमी होते, म्हणून खेळ चालू शकतो. म्हणजे खेळ कायदेशीर राहतो तो काठीशिवाय बैल धावतो या गृहीतावर. राज्य शासनाच्या समितीने बैल धावू शकतो असा अहवाल दिला, तो उपयोगी पडला. पण बैलाला धावता येतं आणि बैलाला न मारता सरळ तासात धावतं ठेवता येतं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली बैलाच्या शरीराची, दुसरी माणसाच्या कसबाची. पहिल्यावर अहवाल आहे. दुसरं कुणी अभ्यासलंच नाही, कारण नियमांत ड्रायव्हर येतो तो मुख्यतः ‘काय करू नये’ या यादीत.

परवानगीनंतर मैदानं अशी फुलली की जुन्या जाणत्यांनीही तोंडात बोट घालावं. डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी २०२३मध्ये खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत भरवलेल्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होती. २०२५च्या नोव्हेंबरात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावात ते फॉर्च्युनरपर्यंत गेलं. ती फॉर्च्युनर जिंकणाऱ्या जोडीची नावं महाराष्ट्रभर झाली: हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेकफेल. (नावं ठेवण्यात या मुलखाचा हात कुणी धरू नये.) बातम्या वाचल्या, फलक पाहिले तर बैल आहे, मालक आहे, गाव आहे, संयोजक आहे, पुढारी तर आहेतच. गंमत पाहा: बक्षीस म्हणून मोटार मिळते, आणि ती बैल चालवू शकत नाही. तिची किल्ली मात्र मालकाच्या हाती जाते.

इथे मैदानावरचा माणूस मला अडवेल आणि म्हणेल, तुम्हाला माहीत नाही, समालोचक ड्रायव्हरचं नाव पुकारतो, पोरं त्याचे व्हिडिओ मोबाईलवर पाहतात, अमुक ड्रायव्हर बसला म्हणून गाडीचा भाव वाढतो. बरोबर आहे. मी सुरुवातीलाच म्हणालो, लोकप्रियता भरपूर आहे. पण कर्ण्यावरून पुकारलेलं नाव वाऱ्याबरोबर जातं. मोबाईलवरचा व्हिडिओ दोन हंगामांनी शोधून सापडत नाही. याउलट मोटारींच्या फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद मालिका सुरू झाली १९५०मध्ये, तेव्हा अजिंक्यपद फक्त चालकांचं होतं. गाड्या बनवणाऱ्यांचं अजिंक्यपद आलं आठ वर्षांनी, १९५८मध्ये. आधी माणूस, मग यंत्र. म्हणूनच ६ डिसेंबर २०२० रोजी मुंबईच्या जेहान दारूवालाने बहरीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, आणि असं करणारा तो पहिला भारतीय ठरला, तेव्हा छापलं गेलं ते त्याचं नाव. त्या मालिकेत सगळ्यांच्या गाडीचा सांगाडा एकाच इटालियन कंपनीचा असतो हे कुणाला सांगावंही लागलं नाही. बैल काही एका साच्यातून निघत नाहीत, हे मान्य. म्हणून बैलाचा वाटा मोटारीपेक्षा मोठा, हेही मान्य. पण मोठा वाटा म्हणजे सगळा वाटा नव्हे.

दुसरा आक्षेप उत्तर पुण्यातून येईल. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटात गाड्यावर कुणी बसतच नाही. चार बैल, पुढे घोडी, आणि घड्याळात सेकंद. ड्रायव्हरवाचून शर्यत होते, मग त्याचं एवढं माहात्म्य कशाला? हा मला सर्वांत आवडलेला आक्षेप, कारण तो माझीच बाजू भक्कम करतो. तिथे एका वेळी एकच गाडा सुटतो आणि तो वेळेशी स्पर्धा करतो. शेजारी चाक नाही, तास चुकायची भीती नाही. शिवाय रस्ता दाखवायला पुढे घोडी आहे, म्हणजे हाकणारा नाही असं नाही, तो गाड्यावरून उठून घोडीवर बसला आहे. सातारा-सांगलीच्या मैदानात पाच-सात गाड्या अंगाला अंग लावून सुटतात, तिथे ही सोय नाही.

तिसरा आक्षेप प्राणिमित्रांचा, आणि तो खरा जड. त्यांचं म्हणणं असं की ज्याच्या हातून जनावराला त्रास होतो त्याला तुम्ही नायक करू पाहता. नाव दिलं, आकडे दिले की जिंकण्याची हाव वाढेल आणि बैलाचे हाल वाढतील. हाव वाढेल हे मी नाकारत नाही. पण महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे पाहा. तिथे घोड्याचं नाव असतं, मालकाचं असतं, आणि जॉकीचंही असतं. जॉकीला परवाना असतो, त्याचं वजन होतं, आणि चाबकाचा अतिरेक केला तर त्याला निलंबित करता येतं. निलंबित करता येतं कारण तो नोंदीत आहे. ज्याचं नाव कागदावर नाही त्याला शाबासकी देता येत नाही, तशी बंदीही घालता येत नाही. आज मैदानात कुणी पराणी चालवली तर गुन्हा बहुधा संयोजकावर आणि मालकावर दाखल होतो; ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या छकड्यावर असू शकतो. प्राणिमित्रांना त्रास कमी व्हायला हवा असेल, तर ड्रायव्हरचं नाव लिहून ठेवण्याचा आग्रह सगळ्यांत आधी त्यांनीच धरायला हवा. मालकांना ते रुचेल का, हा निराळा प्रश्न. पैऱ्यात दोन मालकांमध्ये मान वाटून घेतानाच पुष्कळ ओढाताण होते; तिसरा वाटेकरी कुणाला हवा?

ग्रीसमधल्या डेल्फी इथे १८९६मध्ये खोदकाम करताना ब्राँझचा एक सारथी सापडला. अडीच हजार वर्षांपूर्वी सिसिलीतल्या गेला शहराचा सत्ताधीश पॉलिझेलोस याने तो देवाला वाहिला होता, हे चौथऱ्यावर लिहिलं आहे. मूळ शिल्पात रथ होता, घोडे होते. त्यांचे तुकडे तेवढे मिळाले. सारथी मात्र जवळपास पुरा उरला, फक्त एक हात गेला. दुसऱ्या हातात लगामाचे अवशेष अजून आहेत. मालकाचं नाव कोरलं होतं, सारथ्याचं नव्हतं. आजही पाहायला जाणारे लोक त्याला नुसतं ‘डेल्फीचा सारथी’ म्हणतात.

पुसेगावला मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, नोटांच्या माळा घातलेला रथ निघतो, आणि बैलगाड्यांचं हिंदकेसरी मैदान होतं. मैदान म्हटलं की टेबलाशी वही घेऊन कुणी तरी बसलेला असतोच. वहीत रकाने आखलेले असतात: गट, तास, बैलांची नावं, मालक, गाव. मालकाच्या रकान्यानंतर कागदाला बरीच जागा शिल्लक असते. तिथे एक उभी रेघ मारून वर ‘ड्रायव्हर’ लिहायला दोन मिनिटं पुरतात. मग पंधरा-वीस हंगामांनी कुणीही ती वही उघडून मोजू शकेल, अमक्याने सुरुवातीपासून पुढे राहून किती काढल्या, मागून येऊन किती, आणि निशाणाजवळ हिसकावून किती.